मूळ आणि पूर्वाषाढा यांच्या मध्ये

मी मूळ नक्षत्रावर जन्मले. या नक्षत्रावरची मुलगी सासऱ्याला भोवते अशी आमच्याकडे पक्की समजूत होती, आणि पत्रिका तर लपवता येत नाही. त्यात आठवीत असताना मला चष्मा लागला. मला पाहायला एकूण चार मुलं आली. दर वेळी आई आधी माझा चष्मा काढून फडताळात ठेवायची. त्यामुळे ज्या चौघांनी मला नाकारलं, त्यांतल्या एकाचाही चेहरा मी पाहिलेला नाही.

वडील चांद्याला कचेरीत कारकून होते. चंद्रपूरला तेव्हा चांदाच म्हणत. दोन खोल्यांत आम्ही नऊ माणसं राहत होतो. मॅट्रिकला मला गणितात चांगले गुण होते आणि नागपूरला जाऊन सायन्स शिकायचं माझ्या मनात होतं. वडिलांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नॉर्मल स्कूल कर. मास्तरीण हो. सायन्स शिकून तू काय इंजिन चालवणार हायेस?" मी नॉर्मल स्कूल केलं आणि तेविसाव्या वर्षी मला धानोऱ्याला नेमणूक मिळाली. धानोरा म्हणजे गडचिरोलीच्याही पलीकडे, भर जंगलात. एकट्या मुलीला तिथे कसं पाठवायचं असा प्रश्न उभा राहिला, तेव्हा वडिलांनी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. तिथे माझी आत्या होती. सतरा वर्षांची असताना ती विधवा होऊन भावाकडे आली आणि त्यानंतर अठ्ठावीस वर्षं ती त्या चुलीपासून उठली नव्हती. तिला कोणी विचारलं नाही. तिचं गाठोडं बांधलं आणि माझ्याबरोबर तिला धाडून दिलं.

गडचिरोलीहून आम्ही एका रिकाम्या ट्रकात, ड्रायव्हरशेजारी बसून गेलो. तो बांबू भरायला चालला होता. आत्यानं वाटेत एकदाही बाहेर पाहिलं नाही. पदर तोंडावर ओढून ती म्हणाली, "मले मरासाठी इतकी दूर आणून राह्यली का तू?"

मुलींची शाळा नव्यानंच सुरू झालेली होती. मातीच्या भिंतींची एक खोली, सतरा मुली, एक फळा. शाळेच्या मागेच आमचं घर होतं, आणि कुंपणापलीकडे एक गोंड बाई राहायची. आत्याच्याच वयाची असेल. तिचा नवरा बांबूच्या तोडीवर जायचा आणि महिना-महिना घरी नसायचा. पहिल्या आठवड्यात आत्या तिच्याशी बोलली नाही. दुसऱ्या आठवड्यात आमची चूल ओल्या लाकडांनी पेटेना, तेव्हा ती शेजारीण कुंपण ओलांडून आली, न बोलता तिनं आमची लाकडं बाहेर काढून ठेवली आणि स्वतःकडची आणून चूल पेटवून दिली. तेव्हापासून दोघींचं जमलं. पुढे पुढे तर मी शाळेतून यायची तेव्हा आत्या घरात नसायचीच. कुंपणापलीकडे बसून दोघी चारोळी फोडत असायच्या.

माझं मात्र काही केल्या जमत नव्हतं. मला एका जागी बसवायचं नाही. शाळा सुटली की मी नाल्यापर्यंत जायची, परत यायची, पुन्हा जायची. मुली पाटीवर गणित करत असताना मी खोलीत इतक्या फेऱ्या मारायची की त्यांच्या बेरजा चुकायच्या. आपलं आयुष्य इथेच, या नाल्याच्या अलीकडे संपणार, असं काहीतरी छातीत बसलेलं असायचं. आत्या म्हणायची, "काऊन अशी घिरट्या घालून राह्यली? पायाले भिंगरी बांधली का तुह्या?"

त्या वर्षीच्या पावसाळ्यात रस्ता बंद होता. डाकवाला आठवड्यातून दोनदा, पायी, डोक्यावर घोंगडी घेऊन यायचा. शाळेसाठी एक मासिक येत असे. श्रावणात आलेल्या अंकाची निम्मी पानं भिजून एकमेकांना चिकटली होती. मी ती चुलीजवळ धरून, सुरीच्या टोकानं एकेक सोडवली. आत नागपूरच्या एका कॉलेजातल्या प्राध्यापकांचा लेख होता. आता ज्याला दीर्घिका म्हणतात, त्याला त्या लेखात 'तारकाविश्व' असा शब्द होता. आपला सूर्य अशा एका तारकाविश्वाच्या पार कडेला आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. इथे कडेला तारे विरळ आहेत. सूर्याच्या सगळ्यात जवळच्या ताऱ्याचा उजेड इथवर यायला चार वर्षांहून जास्त लागतात. पण मध्यभागी, अगदी गाभ्यात, ताऱ्यांची इतकी दाटी असते की तिथल्या एखाद्या ग्रहावर कोणी उभं राहिलं तर त्याला रात्र म्हणजे काय ते कळणारच नाही. आणि आपल्या तारकाविश्वाचा गाभा कुठे आहे? तर धनू राशीच्या दिशेला, मूळ आणि पूर्वाषाढा या नक्षत्रांच्या मध्ये.

मी तो लेख तीनदा वाचला. आपण कडेला आहोत, हे कोणीतरी छापून सांगत होतं. मला ते आधीपासून ठाऊक होतं असं वाटलं, आणि रागही आला.

आत्याला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. "मूळ?" ती म्हणाली. "तुह्या पत्रिकेत बसलेलं तेच मूळ का? त्याच्यापायी तुहं लग्न होऊन नाई राह्यलं, आन तू आता त्याच्याच मागं लागली? बाप्पा!"

भाद्रपद संपता संपता आभाळ मोकळं झालं. दिवे लागून पुरता अंधार पडल्यावर मी पंचांग घेऊन अंगणात उभी राहिले. दक्षिणेला विंचू आडवा पडला होता. त्याची नांगी म्हणजे मूळ. तिथून डावीकडे पूर्वाषाढा. मध्ये जे असायला हवं होतं ते नव्हतं. मला एक मळकट पट्टा दिसत होता आणि त्याच्या मधोमध काळोख. जिथे सगळ्यात जास्त तारे, तिथेच काळोख कसा? मी चष्मा पदराला पुसून पुन्हा पाहिलं. मान दुखेपर्यंत पाहिलं.

शेजारीण कुंपणाशी आली. "काय पाहून राह्यली बाई?"

मी हात करून दाखवलं. ती म्हणाली, "ते तं ढोरांची वाट हाय. तिकून ढोरं जातेत."

"मग मधात काळं काऊन दिसते?" मीही तिच्यासारखंच बोलायला लागले होते.

"ढोरं जातीन तं धूळ उडंलच न," ती म्हणाली आणि कोंबड्या झाकायला निघून गेली.

मी हसले. पण माझा प्रश्न तसाच राहिला आणि तो मला झोपू देईना. तिसऱ्या दिवशी मी प्राध्यापकांना पत्र लिहिलं. चार वेळा फाडलं. शेवटी पाचव्यांदा लिहिलं ते एवढंच: "गाभ्यात जर इतके तारे आहेत, तर धनू राशीत आभाळ उजळून का निघत नाही? मी रोज पाहते आहे." मग 'पाहते' खोडून 'पाहिले' असं केलं. खाली नुसती आद्याक्षरं आणि आडनाव घातलं. हे मी मुद्दाम केलं की संकोचानं, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चांद्याला आलो. आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला तो त्याच दिवसांत, त्यामुळे घरी सगळी चर्चा कचेऱ्या कुठे जाणार आणि वडिलांचा साहेब कोण होणार याची. माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मी आत्याला घेऊन चष्मेवाल्या चाचांकडे गेले. बाजारात त्यांचं लहानसं दुकान होतं. एका बाजूला घड्याळं, दुसऱ्या बाजूला चष्मे, आणि मध्ये पांढऱ्या दाढीचे चाचा. आठवीतला माझा चष्मा त्यांनीच केलेला होता.

चाचांनी माझ्या नाकावरचा चष्मा काढला, उजेडाकडे धरला आणि एकदम रागावले. "बेटी, हा आठवीचाच चष्मा हाय? दस साल झाले! डोळे तुझे वाढले, चष्मा लहान राह्यला. कशी शिकवतेस पोरींना?"

"फळा दिसतो न चाचा."

"फळा दिसतो! आन त्याच्या पुढची दुनिया?"

त्यांनी एकामागून एक भिंगं माझ्या डोळ्यांपुढे धरली. समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर हळूहळू जवळ यायला लागलं. मी म्हटलं, "चाचा, मला तारे पाहायचे आहेत." आणि मग मी सगळं सांगून टाकलं, लेख, गाभा, काळोख, पत्र. का कोण जाणे, घरात कोणाला न सांगितलेलं मी त्या दुकानात भडाभडा बोलले. आत्या माझ्या दंडाला चिमटे काढत होती.

चाचा ऐकत राहिले. मग त्यांनी एक डबा उघडला. "हे एक नंबरचं भिंग. ह्याचा उजाला गजभर दूर जाऊन एका जागी येतो. आन हे," त्यांनी घड्याळ दुरुस्त करताना डोळ्याला लावायचं काळं भिंग उचललं, "हे मधला कचरा मोठा करून दाखवते. एक इकडे, एक तिकडे. मधात नळी पाहिजे सीधी. नळी कुठून आणायची?"

आत्यानं चिमटे काढायचं थांबवलं. ती म्हणाली, "बांबूची नाई चालणार का?"

चाचांनी तिच्याकडे पाहिलं. "बाई, तुम्ही तर कारीगर निघाल्या."

सुट्टी संपायच्या आत माझा नवा चष्मा तयार झाला, आणि दोन्ही भिंगं कापसात गुंडाळून चाचांनी माझ्या हाती दिली. धानोऱ्याला परतल्यावर शेजारणीच्या नवऱ्यानं जाड, सरळ, वाळलेला बांबू निवडून दिला. त्यानं तो उभा चिरला, आतल्या गाठी कोरून काढल्या आणि दोन्ही फाकी पुन्हा जुळवून वाखाच्या दोरीनं आवळल्या. आतून आत्यानं काजळी फासली. तिचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते आणि ती गुणगुणत होती. तिला गुणगुणताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

पण मला आधी धानोऱ्याला परतल्याच्या पहिल्या संध्याकाळचं सांगायला हवं. नळी अजून तयार नव्हती. मी नवा चष्मा लावून सहज अंगणात आले, वर पाहिलं, आणि मला धरायला काहीतरी हवं झालं. मी कुंपणाचा खुंट धरला. इतके तारे असतात हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. दहा वर्षं मी जे आभाळ पाहत होते ते माझ्या जुन्या चष्म्याचं होतं. मी रडले, आणि लगेच संताप आला. किती काय काय असं पुसट पाहत मी जगले असेन, या विचारानं मला त्या रात्री अंथरुणावर पडवेना.

लेखात देवयानीचंही लिहिलेलं होतं. देवयानी नक्षत्रात नुसत्या डोळ्यांना दिसणारा एक फिकट डाग आहे, तो आपल्याबाहेरचं दुसरं तारकाविश्व. त्याचा गाभा मात्र आपल्याकडे तोंड करून उघडा आहे. कार्तिकात तो डाग संध्याकाळनंतर डोक्यावरून जरा उत्तरेला येतो. मी दोन दिवस शोधत होते. तिसऱ्या दिवशी शेजारणीला विचारलं, "तिकडे कुठी धुरासारखं दिसते का पाहा बरं." तिनं मान वर केली आणि लगेच बोट दाखवलं. "तो का? तो तं नेहमीच असते बाई. सुक्कुम नाई तो, नुसता धूर हाय." सुक्कुम म्हणजे गोंडीत तारा. तिच्या बोटाच्या टोकाशी तो होता.

आम्ही बाज अंगणात काढली. मी उताणी पडले आणि बांबूची नळी एका दुबेळक्या काठीवर टेकवली. नळी हलायची, माझा श्वास लागला तरी डाग निसटायचा. पुष्कळ वेळानं तो सापडला. कडेला काही नाही, फक्त उजेडाची साय. आणि मधे ती साय दाट होत होत गेलेली. ठिपका म्हणावा असा ठिपका नव्हता, पण तिथे काहीतरी गोळा झालेलं होतं, हे नक्की.

आत्याला दाखवलं. ती बाजेवर पडायला लाजत होती. शेवटी पडली. नळी तिनं दोन्ही हातांनी धरून ठेवली. मग म्हणाली, "कंदिलाच्या काचेले धूर धरते न, तवा मधात वात दिसते. तसं दिसून राह्यलं."

"त्या वातीत लाखांनी सूर्य आहेत आत्या. एकमेकांना खेटून."

"लाखांनी?" ती उठून बसली. "मंग तिथल्या बायका झोपत कवा असतीन?"

पौषात पत्र आलं. मी तोवर डाकवाल्याच्या वाटेवर इतक्यांदा जाऊन उभी राहिले होते की तो लांबूनच हात हलवून 'नाई' म्हणायचा. त्या दिवशी त्यानं हात हलवला नाही. पत्राचा मायना होता, 'श्रीयुत', पुढे माझी आद्याक्षरं आणि आडनाव, 'यांस सप्रेम नमस्कार.' प्राध्यापकांनी दोन पानं लिहिली होती. माझी शंका रास्त आहे, आपल्या आणि गाभ्याच्या मध्ये धुळीचे अफाट ढग आहेत, ते उजेड अडवतात, रेडिओच्या लहरी मात्र त्यातून पार येतात, असं त्यात होतं. धूळ! मी पत्र घेऊन तशीच शेजारणीकडे धावले. तिला त्यात नवल वाटलं नाही. तिची धूळ वेगळी आणि प्राध्यापकांची वेगळी, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मला ते तिला सांगितल्यावाचून राहवलं नाही.

शेवटच्या दोन ओळी अशा होत्या: "आपण इंटरला आहात की बी.एस्सी.ला? नागपुरास आल्यास अवश्य भेटावे."

मी उलट टपाली खरं काय ते लिहिलं. मी श्रीयुत नाही. मी इंटरलाही नाही. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे, मॅट्रिक आहे, वय चोवीस. त्याला उत्तर आलं नाही. माघ गेला, फाल्गुन गेला. मोहाची फुलं पडायला लागली, आत्या आणि शेजारीण पहाटे टोपल्या घेऊन जायला लागल्या. मी आतल्या आत जळत होते. आपण बाई निघालो म्हणून तो माणूस गप्प बसला, एवढंच मला कळत होतं. बांबूची नळी उन्हानं चिरली, ती मी दुरुस्तही केली नाही.

मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली. आत्या म्हणाली, "चाल नागपूरले."

"कशाला? त्यांनी बोलावलं नाही."

"बोलावलं न. कागदावर लिहून हाय. अवश्य भेटावे. तो कागद माणसाच्या नावानं असंल, पण शंका तं तुहीच होती का नाई?"

बैलगाडी, ट्रक, वैनगंगेवर डोंगा, तिथून मूल गावापर्यंत मोटार, मूलहून नागभीडला आणि नागभीडहून नागपूरला छोटी गाडी. दोन दिवस लागले. आत्यानं आयुष्यात पहिल्यांदा आगगाडीच्या खिडकीजवळची जागा भांडून घेतली.

कॉलेज सुट्टीमुळे रिकामं होतं. प्राध्यापक आपल्या खोलीत पंख्याखाली बसून पेपर तपासत होते. बारीक, काळसर, पन्नाशीचा माणूस. मी नाव सांगितलं तेव्हा ते ताडकन उठले आणि त्यांच्या हातातली लेखणी खाली पडली.

"तुम्ही धानोऱ्याच्या?"

"हो. मी दुसरं पत्र पाठवलं होतं."

"मिळालं." ते इतके ओशाळले की मलाच कसंतरी झालं. "खरं सांगू का? उत्तर लिहायला तीनदा बसलो. मायना काय लिहावा तेच कळेना. सौभाग्यवती की कुमारी की काय. मग राहूनच गेलं. माफ करा."

चार महिने मी ज्यासाठी जळत होते, त्याचं कारण एवढंच निघालं. हसावं की त्यांच्या टेबलावरची शाईची दौत उलथी करावी, ते मला समजेना. आत्या मात्र मोठ्यानं हसली. मग तेही हसले, आणि त्यांनी कपाटातून एक मोठं पुस्तक काढलं.

त्यात देवयानीची छायाचित्रं होती. एकात ते तारकाविश्व पूर्ण पसरलेलं होतं, पण मध्यभाग जळल्यासारखा पांढराशुभ्र, त्यात काहीच कळत नव्हतं. "ही पुष्कळ वेळ घेतलेली तसबीर," ते म्हणाले. "कडेचं अंधूक सगळं येतं, पण गाभा करपतो. आता हे पाहा. हे थोडाच वेळ घेतलेलं." दुसऱ्या चित्रात बाकी सगळं नाहीसं झालं होतं. उरलं होतं एक बारीक टिंब.

"हा तारा आहे?"

"नाही. दिसतो ताऱ्यासारखा. पण तो एक समूह आहे. सूर्य आणि त्याचा शेजारी यांच्यात जेवढी मोकळी जागा आहे ना, तेवढ्या जागेत तिथे लाखांनी तारे."

"एकमेकांवर आदळत नाहीत?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आदळतही असतील. मला माहीत नाही. कोणालाच नीट माहीत नाही. एवढं खरं की तिथे कोणी थांबलेलं नाही. सगळे सारखे धावताहेत. जो थांबेल तो सरळ मध्यात पडेल. धावत राहण्यावरच ते तगून आहेत."

मी त्या टिंबावर बोट ठेवलं होतं, ते उचलावंसं वाटेना. माझ्या पायाला भिंगरी आहे याचं मला वर्षभर वाईट वाटत होतं. त्या खोलीत पहिल्यांदा वाटलं नाही.

प्राध्यापकांनी घसा खाकरला. "जुलैत इंटर सायन्सचे प्रवेश आहेत. मॅट्रिकचे गुण बरे असतील तर मी प्राचार्यांशी बोलेन. वर्गात अठरा वर्षांची मुलं असतील. तुम्हाला हसतील. चालेल?"

"चालेल," आत्या म्हणाली. मी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

नागपूरहून आम्ही थेट चांद्याला आलो. वडिलांना सांगितलं तेव्हा ते पानाला चुना लावत होते. लावतच राहिले. "सरकारी नोकरी सोडायची? चोवीस वर्षांच्या घोडीनं पोरांच्या बाकावर बसायचं? आणि आत्याचं काय? तिनं पुन्हा इथी येऊन..." ते अडखळले. तिच्या झोपायच्या जागेवर आता माझ्या धाकट्या भावाचं टेबल आलं होतं.

आत्या स्वयंपाकघरात गेली नाही. दाराशी उभी होती, तिथेच खाली बसली. भावासमोर ती कधी बसत नसे. "मी इथी येऊन नाई राह्यली," ती म्हणाली. "पोरीले नागपूरले जाऊ दे. मी धानोऱ्यालेच राहीन."

"एकटी? कोण हाय तुहं तिथी?"

"शेजारीण हाय. घर हाय. मास्तर लोकं येतेत, जंगलखात्याचे लोकं येतेत, त्याईले जेवाले मिळत नाई. मले रांधता येते. अठ्ठावीस वर्ष तेच केलं न मी?"

 वडिलांना रागावताही येईना. मग म्हणाले, "लोक काय म्हणतीन?"

"म्हणू दे. धानोऱ्याले लोकं लय कमी हायेत," आत्या म्हणाली.

वडिलांनी परवानगी दिली असं मी म्हणणार नाही. त्यांनी फक्त विरोध करायचा सोडून दिला. जुलैत ते मला स्टेशनवर पोचवायला आले, गाडी सुटेपर्यंत वाचनालयातून आणलेला पेपर वाचत उभे राहिले, आणि गाडी हलली तेव्हा खिडकीतून तोच पेपर माझ्या हातात देऊन गेले.

वर्गातली मुलं हसली. पहिल्या महिन्यात फार हसली. बाकावर मी एकटीच बसायची आणि मास्तर प्रश्न विचारत तेव्हा मला वगळून पुढे जात. पहिल्या सहामाहीत मी गणितात नापास झाले. वसतिगृहात आम्ही एका खोलीत पाच जणी होतो. बाकीच्या झोपल्या की मी गच्चीवर जाऊन फेऱ्या मारायची, सूत्रं पाठ करत. खालच्या मजल्यावरच्या रेक्टरबाईंनी तक्रार केली की हिच्या चपलांनी झोप लागत नाही. मग मी चपला काढून फिरायला लागले. प्राध्यापकांना नापास झाल्याचं सांगायला गेले तर त्यांनी उदाहरणांची एक वही पुढे केली आणि म्हणाले, "रोज दहा. इथे बसून." पुढचे पाच महिने मी त्यांच्या खोलीच्या कोपऱ्यात रोज दहा उदाहरणं केली. ते पेपर तपासायचे, मी खोडायची. आम्ही क्वचितच बोललो.

दोन वर्षांनी इंटरला मला दुसरा वर्ग मिळाला. निकाल लागला त्याच दिवशी मी निघाले आणि तिसऱ्या दिवशी धानोऱ्याला पोचले. तोवर तिथपर्यंत मोटार यायला लागली होती. आमच्या जुन्या घराच्या पडवीत जंगलखात्याचे पाच-सहा लोक आणि शाळेचे नवे मास्तर पंगत धरून बसले होते. आत्या भाताचं पातेलं घेऊन उभी होती, पदर खोचलेला, शेजारीण वरण ओतत होती. आत्या जाड झाली होती. तिचा आवाज चांद्याच्या घरात कधी एवढा मोठा नव्हता.

"आत्या, मी पास झाले. दुसरा वर्ग!"

"झाली न?" ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण पातेलं तिनं खाली ठेवलं नाही. "मंग हात धू आन वाढाले लाग. मास्तराले लोणचं नाई मिळालं अजून."

मी हात धुतले. लोणच्याची बरणी घेतली आणि वाढायला लागले. मास्तरांनी विचारलं, आता पुढे काय. मी सांगितलं, बी.एस्सी., फिजिक्स. आणि ते सांगत असतानाच माझं लक्ष बाहेर होतं. परतीची मोटार किती वाजता सुटते, ते मला अजून कोणी सांगितलं नव्हतं.